हिरवळ न जाळता बार्बेक्यू

लंडनच्या हॅकनी भागात लंडन फील्ड्स नावाचा पार्क आहे. तिथे कितीतरी वर्षं एका ठरावीक भागात बार्बेक्यू करायला कौन्सिलची परवानगी होती. उन्हाचा पहिला शनिवार-रविवार आला की त्या भागात पाय ठेवायला जागा उरत नसे. सोमवारी गर्दी ओसरली की हिरवळीवर काळे-तपकिरी चौकोन उघडे पडत, बहुतेक सगळे एकाच मापाचे. ते माप होतं सुपरमार्केटात स्वस्तात मिळणाऱ्या, एकदा वापरून फेकून द्यायच्या अॅल्युमिनियमच्या ट्रेचं. जळलेली हिरवळ, कचरा आणि घरात शिरणारा धूर यांवरून तिथे वर्षानुवर्षं वाद होत राहिला. कोविडच्या काळात परवानगी थांबली आणि आता हॅकनीच्या कुठल्याच सार्वजनिक पार्कात बार्बेक्यू चालत नाही.

अशी बंदी येते तेव्हा तिचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्यांच्या घरामागे बाग आहे ते आपल्या बागेत शेगडी मांडतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला मात्र पार्क हेच अंगण असतं. इंग्लंडमध्ये नव्याने आलेली बरीच मराठी कुटुंबं अशाच फ्लॅटमध्ये राहतात. बाल्कनीत बार्बेक्यू लावणं धोक्याचं असतं आणि बहुतेक भाडेकरारांत त्याला मनाईही असते. म्हणून जिथे अजून परवानगी आहे तिथे ती टिकावी, आणि हिरवळही टिकावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. दोन्ही एकत्र जमू शकतं. त्यासाठी गवत नेमकं कशाने मरतं हे आधी समजून घ्यायला हवं.

गवत कुठे जगतं आणि कशाने मरतं

आपल्याकडे सह्याद्रीच्या माळांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात. अख्खा उतार काळा होतो, आणि जूनमध्ये पाऊस पडला की त्याच उतारावर गवत पुन्हा वर येतं. हे पाहिलेल्या माणसाला वाटतं की गवताला आगीचं काय, ते येईलच परत. पण वणव्याची आग वाळक्या पात्यांवरून पळत जाते. एका जागी ती फार वेळ थांबत नाही. गवताचा जीव पात्यात नसतो. तो असतो अगदी जमिनीलगत, जिथून नवीन पाती फुटतात त्या बुडख्यात. म्हणूनच दर आठवड्याला यंत्राने कापूनही हिरवळ मरत नाही आणि म्हणूनच वणवा वरून निघून गेला तरी बहुतेक गवत जगतं.

बार्बेक्यूचा ट्रे नेमका या बुडख्यावर बसतो आणि तास-दीड तास तिथेच राहतो. निखारा लाल दिसतो तेव्हा त्याचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतं. वनस्पतीच्या जिवंत पेशी ६० अंशांच्या आसपास थोड्याच वेळात मरतात. या दोन आकड्यांच्या मध्ये फक्त कागदासारखा पातळ पत्रा असतो. पाती तर जातातच, बुडखे जातात, वरची मुळं जातात आणि वरच्या थरातली गांडुळं व सूक्ष्मजीवही जातात. माती फार तापली तर तिच्यातल्या सेंद्रिय पदार्थांचा मेणचट थर कणांवर बसतो आणि मग तीच माती पाणी झिडकारू लागते. अशा जागी पाऊस पडला तरी थेंब वरूनच ओघळून जातात.

दुसरी अडचण गवताच्या जातीची आहे. आपली हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धावते, पेरापेराला मुळं धरते, त्यामुळे तिच्यात पडलेलं भोक ती स्वतः भरून काढते. इंग्लंडच्या पार्कांमध्ये मुख्यतः पेरेनियल रायग्रास असतं. ते लवकर उगवतं, पायांचा मार सोसतं, म्हणून खेळाच्या मैदानांवरही तेच लावतात. पण ते झुबक्याने वाढतं, धावत नाही. त्यात जळालेला चौकोन आपोआप भरत नाही. तिथे आधी तण येतं, नाहीतर उघडी माती राहते, पावसाळी थंडीत चिखल होतो आणि त्या चिखलाला टाळून चालणारे लोक शेजारचं गवत तुडवतात. एका दुपारचा चौकोन हिवाळ्यापर्यंत चांगलाच पसरलेला असतो.

कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नसला की इंग्लिश हिरवळ पिवळी पडते. पाहणाऱ्याला ती मेलेलीच वाटते, आणि मग मेलेल्या गवतावर ट्रे ठेवायला कोणाला काही वाटत नाही. खरं म्हणजे ते गवत झोपलेलं असतं. पाती वाळली तरी बुडखे जिवंत असतात आणि सप्टेंबरच्या पावसाने ते हिरवं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनचे पार्क असेच गवताच्या गंजीसारखे पिवळे झाले होते. त्या वर्षी १९ जुलैला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली, आणि लंडनच्या अग्निशमन दलासाठी तो दिवस दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत धावपळीचा ठरला. पुढे पाऊस आला तेव्हा पार्क पुन्हा हिरवे झाले. जळालेल्या चौकोनांना मात्र पावसाचा उपयोग होत नाही.

तो ट्रे विकत घेऊ नका

माझा पहिला सल्ला ठाम आहे. एकदाच वापरायचा अॅल्युमिनियमचा ट्रे घेऊच नका. विटांवर ठेवू, दगडावर ठेवू, असं म्हणून लोक तो घेतात. पण इंग्लंडमधली नेहमीची वीट ६५ मिलिमीटर उंचीची असते. दोन आडव्या विटांवर ट्रे ठेवला तर खाली चार बोटांएवढं अंतर राहतं. एवढ्या अंतरातून निखाऱ्याची झळ सहज खाली पोहोचते आणि गवत भाजतं. ट्रेसोबत येणाऱ्या तारेच्या पायांची उंची तर याहूनही कमी असते.

शिवाय तो ट्रे संपतो कसा हेही पाहायला हवं. जेवण झालं तरी निखारे तासन् तास गरम राहतात. पत्रा इतका पातळ की उचलायला गेलं तर वाकतो आणि निखारे सांडतात. म्हणून लोक तो तिथेच सोडतात, किंवा प्लॅस्टिकच्या कचराकुंडीत टाकतात आणि कुंडी पेटते. डॉर्सेटमधल्या वेअरम फॉरेस्टला मे २०२० मध्ये मोठी आग लागली, दोनशेहून जास्त हेक्टर क्षेत्र जळालं. आग विझवणाऱ्यांना त्या भागात असे वापरलेले ट्रे सापडले होते. २०२२ मध्ये वेटरोज आणि आल्डी या दुकानांनी हे ट्रे विकणंच बंद केलं. बाकीच्यांनीही तसं करावं असं मला वाटतं.

याऐवजी पायांवर उभी राहणारी, झाकणाची, खाली राख पडायचं वेगळं भांडं असलेली शेगडी घ्या. मराठी मंडळातल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून एक घेतली तर खर्च फारसा येत नाही आणि ती बरीच वर्षं चालते. निखाऱ्याचा तळ जमिनीपासून किमान गुडघ्याएवढा वर असावा. राखेचं भांडं असलं की मधली हवा आणि तो दुसरा पत्रा मिळून झळ अडवतात. पाय हिरवळीत रुतत असतील तर प्रत्येक पायाखाली लाकडाचा लहान तुकडा ठेवा. जिथे चालत असेल तिथे पायांवरची गॅसची शेगडी त्याहून बरी. तिच्यात उष्णता बहुतांश वर जाते, ठिणगी उडत नाही, राख उरत नाही आणि बंद केली की थोड्या वेळात थंड होते. कोळशाचा वास तेवढा मिळत नाही हे खरं.

कोळसा पेटवायचं धुराडं वापरत असाल तर ते गवतावर ठेवून पेटवू नका. त्याचा तळ उघडा असतो आणि जळते तुकडे खाली पडतात. ते शेगडीच्या जाळीवरच ठेवून पेटवा. पेटवायचं द्रावण हिरवळीवर सांडलं तर तेवढ्या जागेतलं गवत मरतं. त्यापेक्षा मेणाच्या किंवा लाकडाच्या भुश्याच्या पेटवण्या आणाव्यात.

निघण्याआधी

परवानगी आहे का हे आदल्या दिवशी बघा. इंग्लंडमध्ये याचा एकच देशव्यापी नियम नाही. प्रत्येक कौन्सिलचे उपनियम वेगळे, आणि एकाच कौन्सिलच्या दोन पार्कांतही फरक असू शकतो. हाइड पार्क, रिजंट्स पार्क, रिचमंड पार्क अशा रॉयल पार्कांमध्ये बार्बेक्यूला सरसकट मनाई आहे. काही कौन्सिलांनी २०१४ च्या एका कायद्याखाली सार्वजनिक जागांसाठी संरक्षण आदेश काढले आहेत. तो आदेश मोडला तर जागेवरच दंड होऊ शकतो आणि प्रकरण न्यायालयात गेलं तर तो १००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. 'मागच्या वर्षी केलं होतं' हे उत्तर तिथे चालत नाही, कारण कोरडा उन्हाळा आला की परवानगी तात्पुरती बंद होते. त्यामुळे दरवेळी बघायचं.

हवामानाकडेही लक्ष द्या. आठवडा-दोन आठवडे पाऊस नसेल, गवत पिवळं पडलं असेल आणि वारा असेल, तर परवानगी असली तरी कोळसा पेटवू नका. हे सांगायला जड जातं, कारण जेव्हा ऊन असतं तेव्हाच तर सहल ठरते. पण त्या दिवशी घरूनच सगळं करून न्यावं. पोळ्या, कोशिंबीर, थंड केलेलं पन्हं आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजलेली कणसं. अशी सहल काही कमी आनंदाची होत नाही.

एरवीसुद्धा घरी जितकं करून न्याल तितका पार्कातला जाळ कमी लागतो. चिकन घरीच ओव्हनमध्ये पूर्ण शिजवून, थंड करून, बर्फाच्या पेटीत न्या आणि पार्कात फक्त वरून खरपूस करा. असं केलं की आतून कच्चं राहण्याची भीती उरत नाही. बटाटे, रताळी उकडून न्या. पनीर आणि भाज्या घरीच मुरवून, काड्यांना ओवून डब्यात भरा. भरताची वांगी तर घरीच भाजा, पार्कात ती फार वेळ खातात. एवढं केलं तर दोन तासांचा जाळ पाऊण तासावर येतो आणि कोळसाही निम्मा लागतो. कोळसा थोडाच घाला. लागला तर वाढवता येतो, जास्त झाला तर मात्र तो जळून संपेपर्यंत ताटकळावं लागतं.

जागा निवडताना मोठ्या झाडाच्या सावलीचा मोह होतो. माणसांनी सावलीत बसावं, शेगडी तिथे नको. झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोनेक फूट मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्या बाहेरही पसरलेली असतात. खोडाशी गरम राख ओतणारे लोक झाडाच्या सालीला भाजतात. वरची पानंही झळीने करपतात. शेगडी फांद्यांच्या घेरापासून दूर, मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि घरांच्या खिडक्यांपासून लांब ठेवा. वारा कुठून येतो ते पाहून धूर कोणाच्या दिशेला जाईल याचाही विचार करा. पार्कात फरसबंदी किंवा खडीची जागा असेल आणि तिथे परवानगी असेल, तर हिरवळीपेक्षा तीच चांगली.

शेगडीभोवती तीन मीटरपर्यंत काहीही पेट घेणारं नको, आणि हाताशी दहा लिटर पाणी हवं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात कडक अग्निबंदीच्या दिवशी गॅस किंवा विजेच्या शेगडीलाच परवानगी असते, आणि तिच्यासाठीही हेच दोन आकडे आहेत. त्यासोबत एक मोठं माणूस सतत शेगडीजवळ असलं पाहिजे अशी अटही आहे. वणव्यांचा एवढा अनुभव असलेल्या लोकांनी ठरवलेलं माप आहे, आपण ते इंग्लंडमध्येही पाळावं.

हिरवळीला फक्त निखाऱ्याचाच त्रास होतो असं नाही. प्लॅस्टिकची ताडपत्री कडक उन्हात दिवसभर अंथरून ठेवली की तिच्याखाली गवत उकडतं आणि पिवळं पडतं. सुती सतरंजी बरी, आणि दोन-तीन तासांनी ती थोडी सरकवावी. चहाचं उरलेलं उकळतं पाणी किंवा तळणीचं तेल गवतावर ओतू नका. दोन्हींनी गवत मरतं, आणि तेल तर मातीत बराच काळ राहतं.

निखाऱ्याचा शेवट

बार्बेक्यू पेटवायला सगळे पुढे असतात. विझवायच्या वेळी मात्र मुलं झोपाळलेली असतात, ट्रेनची वेळ झालेली असते, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच अर्ध्या तासात होतं. म्हणून सहलीच्या आधीच हे काम एका माणसाच्या नावावर लावून टाका. 'बघू कोणीतरी' असं ठेवलंत तर कोणीच बघत नाही.

निघायच्या दीड तास आधी नवा कोळसा घालणं बंद करा. जेवणं उरकली की झाकण आणि खालची हवेची भोकं बंद करा. हवा मिळाली नाही की निखारे विझू लागतात. अर्धवट जळालेला कोळसा पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतो, हा त्याचा जादा फायदा. मग धातूची बादली घ्या. लोखंडी किंवा पत्र्याचीच, प्लॅस्टिकची नको. तिच्यात निखारे थोडे थोडे घाला आणि वरून हळूहळू पाणी ओता. एकदम ओतलंत तर गरम वाफ आणि राख तोंडावर उडते. लांब चिमट्याने ढवळा, पुन्हा पाणी ओता, पुन्हा ढवळा. वाफ यायची थांबली, सूं असा आवाज येईनासा झाला, आणि बादलीच्या बाहेरून हात लावला तर ती थंड लागली, की मगच झालं असं समजा. वरून राखाडी दिसणारा निखारा आतून लाल असू शकतो. पाणी न घातलेला कोळशाचा ढीग दुसऱ्या दिवशीही आग लावू शकतो.

हे राखेचं पाणी गवतावर ओतू नका. राख तीव्र अल्कधर्मी असते आणि तिने गवत भाजतं. बादलीला झाकण लावून ती घरी न्या, किंवा पार्कात गरम कोळशासाठी वेगळी धातूची पेटी असेल तर तिच्यात टाका. न्यूयॉर्कच्या प्रॉस्पेक्ट पार्कसारख्या ठिकाणी बार्बेक्यूच्या ठरावीक जागांजवळ अशा पेट्या असतात. साध्या कचराकुंडीत टाकायचं तर कोळसा पूर्ण थंड आणि ओला असल्याची खात्री हवी.

निखारे वाळूत किंवा मातीत पुरणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. आपल्याकडे हुरड्याची आगटी शेतातल्या मोकळ्या मातीत खणतात. रायगडात पोपटी लावतात ती पीक निघालेल्या शेतात. तिथे खाली गवत नसतं आणि नंतर त्या जागेवर अनवाणी खेळणारं अनोळखी मूल येणार नसतं. पार्कात आणि समुद्रकिनाऱ्यावर ते येतं. माती वरून थंड वाटते, आत निखारा तापलेलाच असतो, आणि पाय पोळतात.

आणि एक जिवावरची गोष्ट. पाऊस आला, थंडी वाजू लागली, तरी पेटलेली किंवा विझत आलेली शेगडी तंबूत, गाडीत किंवा घरात नेऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि ब्रिटनमध्ये तंबूत असे मृत्यू झालेले आहेत.

ज्यांच्या हातात पार्क आहे त्यांच्यासाठी

हा भाग कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पार्कांच्या मित्रमंडळांत काम करणाऱ्यांसाठी आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक मोठ्या पार्कांना असं स्थानिकांचं मंडळ असतं, त्याच्या बैठका खुल्या असतात, आणि त्यात मराठी माणसं फार दिसत नाहीत. ती दिसायला हवीत. पार्काचे नियम तिथेच घडतात.

सरसकट बंदी हा कागदावर सोपा मार्ग आहे. बर्लिनच्या टिअरगार्टनमध्ये रविवारी शेकडो कुटुंबं मांस भाजायला येत. हिरवळ जळायची, कचऱ्याचे ढीग साचायचे. २०१२ पासून तिथे मनाई झाली. पण त्याच शहराने टेम्पेलहोफच्या बंद झालेल्या विमानतळाचं २०१० मध्ये सार्वजनिक मैदान केलं तेव्हा त्यात बार्बेक्यूसाठी ठरावीक जागा आखून दिल्या. एका ठिकाणी मनाई केली तर दुसरीकडे जागा द्यावी लागते, नाहीतर लोक चोरून, कोपऱ्यात, झाडाखाली पेटवतात आणि तिथे नुकसान जास्त होतं.

एडिंबराच्या मेडोज पार्कात विद्यार्थ्यांची प्रचंड गर्दी असते. तिथेही जळलेल्या चौकोनांनी हैराण होऊन कौन्सिलने हिरवळीत दगडी लाद्या बसवल्या आणि बार्बेक्यू त्यांच्यावरच करा असं सांगितलं. मला हा उपाय अर्धा वाटतो. लादीवर जागा मिळाली नाही की लोक शेजारच्या गवतावरच ट्रे ठेवतात. लाद्या घालायच्याच असतील तर गर्दीच्या दिवशी लागतील तेवढ्या घाला, आणि प्रत्येक चार-पाच लाद्यांजवळ निखाऱ्यांची धातूची पेटी आणि पाण्याचा नळ ठेवा. नळ नसेल तर लोक पाणी कुठून आणणार? विझवण्याची सूचना लिहून ठेवायची आणि पाण्याची सोय करायची नाही, हे बऱ्याच पार्कांत दिसतं.

सगळ्यात चांगला नमुना ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या शहरांत पार्कोपार्की, समुद्रकिनाऱ्यांवर विजेचे सार्वजनिक बार्बेक्यू असतात. विटांच्या किंवा स्टीलच्या ओट्यावर स्टीलचा तवा, बाजूला एक बटण. बटण दाबलं की तवा तापतो आणि ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो, पुन्हा हवा तर पुन्हा दाबायचं. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. कोळसा नाही, राख नाही, ठिणगी नाही, आणि गवताशी संबंधच येत नाही. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी कुटुंबांना हे ओटे चांगलेच ओळखीचे आहेत. तव्यावर डोसे, थालीपिठं, पावभाजी असं काहीही होतं, आणि काम झालं की तवा पुसून पुढच्या कुटुंबाला द्यायचा ही तिथली रीत आहे. ब्रिटनच्या कौन्सिलांकडे पैशांची चणचण आहे हे मान्य. पण दरवर्षी जळलेली हिरवळ पुन्हा पेरणं, कुंड्या बदलणं आणि कचरा उचलणं यावरही खर्च होतोच. एका पार्कात चार ओट्यांनी सुरुवात करावी.

परवानगी कोळशालाच द्यायची असेल तर जागा आलटून पालटून वापरा. या उन्हाळ्यात एक पट्टा, पुढच्या उन्हाळ्यात दुसरा, मधल्या काळात पहिल्याला पेरून सावरू द्या. पाट्यांवर शब्दांपेक्षा चित्रं मोठी असावीत. पार्कात येणारे सगळेच इंग्रजी वाचतात असं नाही. आणि कोरड्या दिवसांत परवानगी थांबवायची असेल तर ती शुक्रवारी दुपारीच जाहीर करा. शनिवारी सकाळी कोळसा विकत घेतलेल्या माणसाला दारात परत पाठवणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

जळालेला चौकोन सावरताना

नुकसान झालंच तर ते दुरुस्त होतं, फक्त वेळेवर हात घालावा लागतो. स्वतःच्या मनाने पार्कात खणू नका, आधी कौन्सिलच्या किंवा मित्रमंडळाच्या माणसाशी बोला. बहुतेक वेळा ते आनंदाने बियाणं देतात आणि सोबत कोणाला तरी पाठवतात.

योग्य काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, किंवा मग एप्रिल-मे. सप्टेंबरमध्ये माती उबदार असते आणि पाऊसही सुरू झालेला असतो, म्हणून तो जास्त चांगला. जुलैत पेरलेलं बी पाण्यावाचून वाया जातं.

आधी राख आणि कोळशाचे तुकडे पूर्ण उचला. करपलेली वरची माती दोन-तीन सेंटिमीटर खरवडून काढा, कारण तिच्यात राखेचा क्षार असतो. मग दाताळ्याने बोटभर खोलीपर्यंत माती मोकळी करा. त्या जागी थोडं पाणी ओतून पाहा. ते वर मण्यासारखं थांबलं तर माती पाणी झिडकारते आहे असं समजा, आणि ती पुन्हा ढवळून, थोडं थोडं पाणी देत भिजवा. वर चांगली माती घालून आजूबाजूच्या हिरवळीशी समपातळी करा, पायाने हलकेच दाबा. बियाणं चौरस मीटरला साधारण ३५ ग्रॅम. नुसतं रायग्रास न घेता त्यात रेड फेस्क्यूची पसरणारी जात मिसळलेली असेल तर उत्तम, कारण ती जमिनीखालून धावते आणि राहिलेल्या फटी हळूहळू भरते. बी दाताळ्याने मातीत अलगद मिसळा, वर जाळी टाका, नाहीतर कबुतरं एका सकाळीत सगळं टिपून नेतात.

रायग्रास साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं, फेस्क्यूला थोडा जास्त वेळ लागतो. तोवर पाऊस नसेल तर माती ओलसर ठेवायला हवी, पण पाणी साचू द्यायचं नाही. चौकोनाभोवती चार खुंट्या रोवून दोरी बांधा आणि एक लहान पाटी लावा. पाटीवर 'प्रवेश बंद' लिहिण्यापेक्षा 'इथे नवीन गवत उगवतं आहे' असं लिहिलं तर लोक जास्त जपतात. गवत सात-आठ सेंटिमीटर उंच झालं की पहिली कापणी, आणि तीही वरचा फक्त तिसरा हिस्सा. दोन कापण्या होऊन पाती हाताने ओढली तरी उपटून येत नाहीत असं दिसलं, की दोरी काढायला हरकत नाही.